बारावीनंतर कला शाखेची पदवी: विषयांच्या निवडीपासून पुढच्या पात्रतेपर्यंत

बारावीनंतर कला शाखेत जायचे तर फार चौकशी करावी लागत नाही, असा समज महाराष्ट्रात अजूनही घट्ट आहे. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशासाठी दोन वर्षे आधीपासून माहिती गोळा करणारे पालक बी.ए.चा अर्ज एका दुपारी भरून मोकळे होतात आणि विषयांच्या रकान्यात मैत्रिणीने घेतलेले किंवा वेळापत्रकात सहज बसणारे विषय लिहिले जातात. वास्तविक इतर बहुतेक अभ्यासक्रमांत विषय ठरलेले असतात, बी.ए.मध्ये ते विद्यार्थ्याला स्वतः निवडावे लागतात. शाळेत शिक्षक होता येईल का, एम.ए. कशात करता येईल, कोणती पात्रता परीक्षा देता येईल, हे त्या निवडीवर ठरते. त्यामुळे कला शाखेकडे वळणाऱ्याने इतरांपेक्षा अधिक चौकशी केली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्रातील विद्यापीठांत मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे किंवा शिक्षणशास्त्र यांतील पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी: पदवीची नवी रचना समजून घेणे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेली नवी रचना राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. त्यामुळे मोठ्या भावंडांचा किंवा शेजाऱ्यांचा बी.ए.चा अनुभव आता जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. वर्षाला सुमारे ४० ते ४४ श्रेयांक, म्हणजे बोलण्यातले क्रेडिट, मिळवावे लागतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचे वर्गाध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचे असेल, तर त्यासाठी ठरवून दिलेले कौशल्याधारित ४ श्रेयांक वेगळे पूर्ण करावे लागतात. बाहेर पडलेल्याला ३ वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण पदवी ७ वर्षांत पूर्ण करावी लागते.

मधूनच बाहेर पडण्याची ही सोय घरची अडचण, आजारपण किंवा लग्न यांमुळे ज्यांचे शिक्षण तुटते त्यांच्यासाठी मोलाची आहे, विशेषतः मुलींसाठी. मात्र एका वर्षाचे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे पात्रता मिळाली, असे कोणी समजू नये. लोकसेवा आयोगाची परीक्षा, बी.एड., तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम या सर्वांसाठी पूर्ण पदवीच लागते.

चौथे वर्ष करावे की नाही, हा प्रश्न पालक आवर्जून विचारतात. ज्याला बी.एड., विधी किंवा स्पर्धा परीक्षा यांकडे वळायचे आहे, त्याला तीन वर्षे पुरेशी आहेत. ज्याला त्याच विषयात पुढे जायचे आहे, त्याने चौथ्या वर्षाचा गंभीरपणे विचार करावा, कारण त्यानंतर एम.ए. एका वर्षात होऊ शकते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील तर संशोधनासह ऑनर्स करता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणारा विद्यार्थी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी. प्रवेशासाठीही पात्र ठरतो. चौथे वर्ष प्रत्येक महाविद्यालयात असेलच असे नाही. ते आपल्याच विषयात उपलब्ध आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

आता विषयांच्या रचनेविषयी. मुख्य विषय, म्हणजे मेजर, आणि दुय्यम विषय, म्हणजे मायनर, हे पदवीचे दोन खांब आहेत. त्यांच्याभोवती खुला वैकल्पिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण अशी मांडणी असते. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर व एक मायनर ठरवला जातो. म्हणजेच पहिल्या वर्षी जो विषय घेतलाच नाही, तो पुढे मुख्य विषय म्हणून मिळणे अवघड असते. खुला वैकल्पिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. तेथे ‘सर्वांत सोपा कोणता’ असे विचारण्याऐवजी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांख्यिकी, इतिहासाच्या विद्यार्थ्याने संगणकाची ओळख, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लेखाशास्त्र असा काही उपयोग साधावा.

दुसरी पायरी: पुढच्या पात्रतेपासून मागे येत विषय ठरवणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. सर्वाधिक गोंधळ होतो तो शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांचा, म्हणून ती वाट टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायचे असेल तर बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका, म्हणजे पूर्वीचे डी.एड., हाच मुख्य मार्ग आहे. बी.एड. झालेला उमेदवार प्राथमिक शिक्षकपदासाठी पात्र नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात स्पष्ट केले आहे. लहान मुलांना शिकवण्याची मनापासून आवड असलेली मुलगी आधी बी.ए. आणि मग बी.एड. अशी पाच वर्षे घालवते आणि शेवटी हव्या त्या वर्गासाठी अपात्र ठरते, हे टाळण्यासारखे आहे. तिने आधी डी.एल.एड. करावे, पदवी नंतरही घेता येते.

सहावी ते आठवीसाठी पदवी आणि त्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. लागते. पहिली ते आठवीपर्यंत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. तिचा पहिला पेपर पाचवीपर्यंतच्या आणि दुसरा सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी असतो. नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड., अकरावी-बारावीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी व बी.एड., असा पुढचा क्रम आहे. राज्यातील शाळांत ‘पवित्र’ पोर्टलमार्फत होणाऱ्या भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे गुण विचारात घेतले जातात. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर एम.ए.ला खुल्या प्रवर्गासाठी किमान ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य पातळीवरील) ही पात्रता परीक्षा आवश्यक असते. सेट ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी घेते, हे गोव्यातील मराठी विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे.

या टप्प्यांचा पदवीच्या विषयांशी थेट संबंध आहे. राज्य मंडळाच्या शाळांत दहावीपर्यंत भाषा, इतिहास व राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवले जातात. मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान यांचा स्वतंत्र तास तेथे नसतो. हे विषय अकरावीपासून सुरू होतात आणि त्यांच्या जागा तुलनेने फार कमी असतात. मानसशास्त्र घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. परंतु माध्यमिक शाळेत शिकवण्याचा विचार पक्का असेल, तर मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास किंवा भूगोल यांपैकी एक विषय मेजर किंवा निदान मायनर म्हणून हाताशी असावा. बी.एड.च्या प्रवेशासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के गुण लागतात आणि राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते, हेही तीन वर्षे ध्यानात असू द्यावे.

बारावीनंतर थेट चार वर्षांत पदवी आणि अध्यापनाची पात्रता दोन्ही देणारा एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रम, म्हणजे आयटीईपी, २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला आहे. बी.ए. तीन वर्षे आणि बी.एड. दोन वर्षे या मार्गापेक्षा त्यात एक वर्ष वाचते. त्यासाठीची एनसीईटी ही राष्ट्रीय परीक्षा मराठीतूनही देता येते. सतराव्या-अठराव्या वर्षीच शिक्षक होण्याचा निर्णय झालेल्यांना हा अभ्यासक्रम उत्तम आहे. जो अजून चाचपडत आहे त्याने आधी मोकळी बी.ए. करावी, कारण चार वर्षांच्या मध्यावर दिशा बदलणे येथे कठीण जाते. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. संस्थेच्या कार्यालयातील तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मानसशास्त्राकडे सध्या मुलांचा मोठा ओढा आहे आणि तो स्वागतार्ह आहे, पण बी.ए. मानसशास्त्र झाल्यावर समुपदेशनाचे दालन उघडता येते ही समजूत घातक आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता आणि परिषदेकडे नोंदणी लागते. या वाटेवर पदवीनंतरची आणखी काही वर्षे गृहीत धरावीत आणि घरच्यांनाही ते आधीच सांगावे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणिताशी वैर धरू नये. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी किंवा कोणत्याही चांगल्या पदव्युत्तर विभागात जायचे तर सांख्यिकी आणि कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) ओळख असावीच लागते. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेसाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते, हेही अनेकांना उशिरा कळते.

समाजकार्यात रस असणाऱ्यांपुढे बी.ए. समाजशास्त्र आणि बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी, असे दोन पर्याय असतात. पहिल्यात समाजाचा अभ्यास आहे. दुसऱ्यात आठवड्याच्या वेळापत्रकातच वस्ती, रुग्णालय किंवा संस्था यांतील क्षेत्रकार्य असते. मुंबईच्या निर्मला निकेतनमध्ये ही परंपरा जुनी आहे. पदवी कोणतीही असली तरी एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करता येते, त्यामुळे बी.ए. केल्याने ही वाट बंद होत नाही. विधी शाखेचा निर्णय झालेला असेल तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम एक वर्ष वाचवतो. निर्णय झालेला नसेल तर बी.ए. करून मग तीन वर्षांचे एलएल.बी. करणे अधिक शहाणपणाचे आहे.

स्पर्धा परीक्षांसाठी बी.ए. करणारे खूप असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुण असतात. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तिच्यातही वैकल्पिक विषयाला तेवढेच गुण आहेत. म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र किंवा मराठी साहित्य यांचा तीन वर्षांचा मनापासून केलेला अभ्यास येथे वाया जात नाही. मात्र वर्गात न बसता केवळ अभ्यासिकेत तीन वर्षे काढायची आणि पदवी कशीबशी पदरात पाडून घ्यायची, हा प्रकार आता अधिकच महागात पडेल, कारण वर्णनात्मक उत्तर लिहिण्याचे शिक्षण महाविद्यालयाच्या वर्गात आणि ग्रंथालयातच मिळते.

तिसरी पायरी: अभ्यासक्रम वाचून पाहणे

प्रत्येक विद्यापीठ आपले अभ्यासक्रम संकेतस्थळावर ठेवते. ज्या दोन-तीन विषयांत मन घोटाळत असेल त्यांचे तिन्ही वर्षांचे अभ्यासक्रम उतरवून घ्यावेत, घटकांची शीर्षके आणि संदर्भग्रंथांची यादी वाचावी आणि यादीतील एखादे पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयातून आणून त्याची पन्नास पाने वाचून पाहावीत. वाचताना कंटाळा आला, तर तीन वर्षे हाच विषय वाचायचा आहे, हे लक्षात घ्यावे.

विषयाचे नाव आणि विषयाचे पोट यांत बरेच अंतर असते. राज्यशास्त्र म्हणजे निवडणुकीच्या चर्चा नव्हेत. त्यात राज्य, स्वातंत्र्य, न्याय या संकल्पनांची आणि विचारवंतांच्या ग्रंथांची चिकित्सा असते. मानसशास्त्रात प्रयोग आणि सांख्यिकी असते, आणि माणसांची मने ओळखता येतील या अपेक्षेने आलेल्यांची तेथे निराशा होते. भूगोलात नकाशे, सर्वेक्षण आणि प्रात्यक्षिकांच्या वह्या असतात. भौगोलिक माहिती प्रणालीचे तंत्र शिकलेल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला नगरनियोजन, जलव्यवस्थापन अशा क्षेत्रांत काम मिळू शकते. मराठी हा मुख्य विषय घेणाऱ्याला कथा-कवितांबरोबर भाषाविज्ञान, साहित्यशास्त्र आणि मध्ययुगीन वाङ्मयही अभ्यासावे लागते. इतिहासाच्या अभ्यासात सनावळीपेक्षा साधनांची पारख अधिक असते. म्हणून मराठ्यांच्या इतिहासात रस असलेल्याने पहिल्याच वर्षी मोडी लिपी शिकायला घ्यावी. जमल्यास फारसीचीही ओळख करून घ्यावी, कारण राज्याच्या पुराभिलेखागारांतील मोडी कागदपत्रे वाचणारे लोक आजही कमी आहेत. पुरातत्त्व किंवा भाषाविज्ञान यांचे आकर्षण असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर नजर ठेवून पदवीसाठी इतिहास, संस्कृत, पाली असे विषय निवडता येतात.

माध्यमाचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. राज्यातील बहुतेक विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांची उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते आणि ज्याला मराठीतून विचार नीट मांडता येतो त्याने न संकोचता तसे करावे. त्याच वेळी इंग्रजी वाचनाची सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी, कारण एम.ए. आणि संशोधनाच्या पातळीवर बरेच ग्रंथ इंग्रजीतच आहेत. हा दुवा सांधण्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश ही दोन साधने हाताशी ठेवावीत; दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. मराठीत संकल्पना समजून घ्यायची आणि तिचा इंग्रजी प्रतिशब्द वहीत टिपून ठेवायचा, एवढा क्रम तीन वर्षे पाळला तरी पुढे फार अडत नाही.

चौथी पायरी: महाविद्यालय प्रत्यक्ष पाहणे

महाविद्यालयाच्या नावलौकिकापेक्षा आपल्या विषयाचा विभाग कसा आहे, हे पाहावे. विषय मेजर म्हणून पदवीपर्यंत उपलब्ध आहे का, विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, ग्रंथालयात विद्यार्थ्यांना पुस्तके सहज मिळतात का, हे प्रश्न थेट विचारावेत. तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून तास नियमित होतात का, हे जाणून घ्यावे. त्यांचे उत्तर माहितीपत्रकापेक्षा खरे असते. जवळच्या तालुक्याच्या महाविद्यालयात भूगोलाचा सक्षम विभाग असेल, तर केवळ नावासाठी पुण्या-मुंबईत खोली भाड्याने घेऊन राहण्यात अर्थ नाही. याउलट आपल्या भागात हवा तो विषयच नसेल, तर वसतिगृहाची सोय पाहून बाहेर पडावे.

नोकरी किंवा घरच्या जबाबदारीमुळे रोज जाणे शक्य नसेल, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हे भरवशाचे पर्याय आहेत.

पाचवी पायरी: तारखा, कागदपत्रे आणि पैसे

राज्याबाहेरील केंद्रीय विद्यापीठांत किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमांत जायचे असेल तर सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी बंद होतात, एनसीईटीचेही तसेच. त्यामुळे बारावीच्या जानेवारीपासूनच राष्ट्रीय चाचणी संस्थेचे संकेतस्थळ पाहत राहावे. सीयूईटीचे पेपर मराठीतून देता येतात. राज्यातील महाविद्यालयांचे कला शाखेचे प्रवेश मात्र सहसा बारावीच्या गुणांवर आणि निकालानंतर लगेच होतात.

जातीचे प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र परीक्षेनंतरच्या सुटीतच काढून ठेवावे, कारण निकालानंतर सेतू केंद्रांवर गर्दी उसळते. मिळवलेले श्रेयांक जिथे साठवले जातात त्या शैक्षणिक श्रेयांक पेढीचा (एबीसी) क्रमांक डिजिलॉकरवरून काढून घ्यावा. शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येते, म्हणून ते खाते चालू आहे याची खात्री करावी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये, तर अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची २.५ लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी साहाय्य देणाऱ्या स्वाधार योजनेची माहिती समाजकल्याण कार्यालयातून घ्यावी. अनेक महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना असते. तिच्यात नाव नोंदवण्यात कमीपणा मानू नये. दर वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, हे विसरल्यामुळे दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती बुडाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

सहावी पायरी: पहिले वर्ष आणि मेजरचा निर्णय

पहिल्या वर्षी तिन्ही विषयांना सारखा वेळ द्यावा, कारण दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मेजर ठरवताना याच अनुभवावर विसंबायचे असते. केवळ गुण पाहून ठरवू नये. कोणत्या विषयाचे पुस्तक परीक्षा संपल्यावरही उघडावेसे वाटले आणि कोणत्या विषयाच्या शिक्षकांशी वर्गाबाहेर बोलावेसे वाटले, हेही पाहावे. क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांच्यासाठी ठिकाण स्वतः शोधावे: गावाचे ग्रंथालय, ग्रामपंचायत, स्थानिक वर्तमानपत्र, वस्तुसंग्रहालय, एखादी शाळा. प्रमाणपत्रापुरते कुठेतरी नाव लावून घेतले, तर नव्या रचनेने दिलेली सर्वांत चांगली संधी हातची जाते. आपल्या महाविद्यालयात नसलेला एखादा अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावर करता येतो आणि विद्यापीठाने मान्यता दिल्यास त्याचे श्रेयांक पदवीत धरले जातात. त्यासाठी सत्र सुरू होण्यापूर्वीच विभागप्रमुखांची लेखी संमती घ्यावी. मेजर बदलण्याची मुदत, त्यासाठीचा अर्ज आणि उपलब्ध जागा याबाबतचे परिपत्रक बहुधा दुसऱ्या सत्राच्या परीक्षेच्या आसपास निघते. सूचना फलकावर आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर त्या काळात लक्ष ठेवावे आणि अर्ज दिल्यावर त्याची पोच घेऊन जपून ठेवावी.